मऊ गुडघ्यांची सून

फार पूर्वी एका काळ्या कातळावर एक नगर वसलेलं होतं, आणि त्या नगराला आपल्या फरशीचा भारी अभिमान होता. राजवाड्यासमोर मोठा चौक होता, तासलेल्या काळ्या फरश्यांचा. तो रोज सकाळी पाणी शिंपडून, हातात घासायचा दगड घेऊन, गुडघे टेकून घासावा लागे. हे काम बायकांचं. नगरातल्या ऐंशी घरांना त्यातल्या फरश्या वाटून दिलेल्या होत्या. ज्या घराकडे फरश्या, त्या घराला वाड्यातून वर्षभराचं धान्य.

आता काम चोख झालं की नाही, हे कसं ओळखायचं? तर गुडघे बघून. दर चैत्रात एका सकाळी पुरुषांना चौकात यायची बंदी असे. सगळ्या बायका रांगेनं उभ्या राहत. वाड्याची मुकादमीण एकेकीसमोर येई, लुगडं गुडघ्याच्या वर घ्यायला लावी आणि तिथला घट्टा अंगठ्यानं दाबून बघे. घट्टा टणक, तर बाई कामाची. मऊ, तर बाई कामचुकार, आणि तिच्या घराच्या फरश्या दुसऱ्या घराला. याला घट्टेपाहणी म्हणत. फरशीकडे मात्र कुणी बघत नसे. फरशी काय, ती पायाखालीच असते.

अशा त्या नगरात एक नवी सून आली. फार बोलायची नाही, पण डोळे सारखे चालू. तिचे वडील खोगीरं भरणारे होते, घोड्यांची आणि बैलांची. लहानपणापासून तिनं एक गोष्ट पाहिली होती: जनावराच्या पाठीवर घट्टा दिसला की मालक तणतणत दारात यायचा आणि वडील खाली मान घालून खोगीर उसवायला घ्यायचे. माहेरी घट्टा म्हणजे कारागिराची चूक होती. सासरी तो दागिना निघाला.

आणि हा दागिना सगळ्यात मोठा होता तिच्या सासूकडे. सात वर्षं घट्टेपाहणीत सासूचा पहिला नंबर. नगरातल्या नव्या सुनांना मुद्दाम आणून तिच्या गुडघ्याला हात लावायला सांगत, "बघ गं, असा व्हायला हवा!" सासूला मांडी घालता येत नसे. ती भिंतीतल्या फळीवर ताट ठेवून उभ्यानंच जेवी. पायऱ्या उतरायच्या तर पाठमोरी, एकेक. मान मोठा होता, फक्त त्याला खाली बसता येत नव्हतं.

पहिल्या दिवशी सून चौकातून परतली तेव्हा तिचे दोन्ही गुडघे सोललेले होते. सासूनं वाकून निरखून पाहिलं आणि म्हणाली, "छान. सुरुवात झाली."

सुनेनं नवऱ्याला गुडघे दाखवले. तो कळवळला, आणि म्हणाला, "आईला विचार." तो सगळ्याच गोष्टींना तसं म्हणे.

मग सुनेनं कुणालाच विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती काखेत पेंढ्याची गुंडाळी घेऊन गेली. ओल्या फरशीवर पेंढा असा घसरला, की ती तीन फरश्या ओलांडून शेजारणीच्या पाण्याच्या घमेल्यात जाऊन पडली. सगळा चौक हसला. तीही हसली, पण हसताना पेंढा नेमका कुठून सरकला ते बघून ठेवलं.

नंतर तिनं जुन्या लुगड्यांची जाड चौघडी शिवली. ती मऊ होती खरी, पण तासाभरात इतकं पाणी प्याली की उचलायला दोघी लागल्या. मग तिनं नारळाचा काथ्या आणला. काथ्या पाणी धरत नव्हता, दबतही नव्हता. पण टोचायचा असा, की संध्याकाळी गुडघ्यांवर चाळणीची नक्षी. तिची थोरली जाऊ म्हणाली, "अगं, घट्टे नाही पडले तरी ठिपके पडले हो! मुकादमीण आता ठिपके मोजायला लागणार."

सून टाके उसवत राहिली. काम करणाऱ्या बायकांकडे बघत राहिली. बघता बघता तिच्या ध्यानात आलं, की भार गुडघ्याच्या वाटीवर पडला की बाई कण्हते, आणि तोच भार जरा खाली, नडगीवर गेला की हात मोकळे चालतात. घोड्याचंही तसंच असतं. खोगीर कण्यावर बसता कामा नये, कण्याच्या दोन्ही अंगांना बसायला हवं.

तिनं आत काथ्या भरला. त्याच्यावर जुन्या घोंगडीचे दोन पदर घातले, म्हणजे टोचणार नाही आणि पाणीही लवकर निथळेल. खाली गोणपाट लावलं आणि त्याला सुतळीच्या गाठी मारल्या, म्हणजे घसरणार नाही. वाटी टेकते तिथे पोकळ ठेवलं, नडगी टेकते तिथे उंच. दोन गुडघ्यांच्या दोन गाद्या, मधे पाणी वाहायला फट. मधोमध दुमडली की ती एखाद्या पोथीसारखी मिटे, आणि पट्टा खांद्याला अडकवून कुठेही नेता येई.

पाच महिने गेले होते. सहाव्या महिन्यात तिचे गुडघे बरे झाले.

चौकात तिचं नाव 'गादीवाली' पडलं. "गादीवाली आली गं, लोड-तक्के आणा!" असं रोज कुणीतरी म्हणे. सून मान हलवून गादी पसरी आणि कामाला लागे. दुखत नसल्यामुळे ती एका जागी खिळून राहत नसे. गादी पुढे सरकवायची, घासायचं, पुन्हा सरकवायची. तिच्या नऊ फरश्या सगळ्यांच्या आधी होत.

सासूसाठीही तिनं एक गादी शिवली, जरा जास्त जाड. सासूनं ती हातात घेऊन दाबून पाहिली, उलटी केली, टाके मोजले.

"शिवणं चांगलं आहे," ती म्हणाली, "पण मला नको."

"का हो, आत्याबाई?"

"सात वर्षं मी नंबर काढला तो काय गादीवर बसून? माझी सासू अशीच गेली, तिची सासू अशीच गेली. आता मी मऊ बसले, तर मग त्यांनी कशाला सोसलं?"

सुनेनं गादी कोनाड्यात ठेवून दिली.

बघता बघता चैत्र आला. घट्टेपाहणीला दहा दिवस उरले आणि थोरली जाऊ दुपारी तिला परसात घेऊन गेली.

"गुडघे दाखव," जाऊ म्हणाली.

सुनेनं दाखवले. जाऊनं कपाळाला हात लावला.

"काय गं हे! तान्ह्या पोराचे तरी असे असतात का? अगं बाई, तुझ्या एकटीपायी आपल्या घराच्या सगळ्या फरश्या जातील. तुझ्या, माझ्या, आत्याबाईंच्या. वर्षभर खायचं काय?"

"माझ्या फरश्या लख्ख आहेत, जाऊबाई."

"फरश्या कोण बघतंय?" जाऊनं कमरेची पुरचुंडी सोडली. तिच्यात चार बिब्बे होते. "हे तापवून तेल काढायचं आणि गुडघ्याला लावायचं. दोन दिवस आग होते, फोड येतात. मग अशी काळी, टणक खपली धरते की मुकादमिणीचा अंगठा मोडेल."

"तुम्हाला कसं माहीत?"

जाऊनं इकडेतिकडे पाहिलं आणि आपलं लुगडं जरा वर केलं. दोन्ही गुडघ्यांवर काळेभोर, सुरेख, गोल घट्टे. "सलग तीन वर्षं," ती हळूच म्हणाली. "माझ्या फरश्या खांबामागे आहेत. चार हात फिरवते न फिरवते, आणि बसते. मागच्या साली माझा नंबर चौथा आला!"

सुनेला हसू आलं, आणि हसता हसता वाईटही वाटलं. काम करणारीनं कातडी सोलायची, न करणारीनं जाळायची, आणि मुकादमिणीनं अंगठा दाबून दोघींना शाबासकी द्यायची.

"घे ना," जाऊ म्हणाली. "वर्षातून दोनच दिवसांचा त्रास. मग वर्षभर वापर की तुझी गादी. मी कुणाला सांगायची नाही."

सोपं होतं. सुनेनं बिब्बे हातात घेतले, क्षणभर धरले आणि परत जाऊच्या मुठीत ठेवले.

"मला दुखत नाही, ही लपवायची गोष्ट आहे का, जाऊबाई?"

"अगं, फरश्या जातील!"

"जातील तेव्हा जातील. पण न झालेली जखम मी दाखवणार नाही."

"हट्टी आहेस."

"आहे," सून म्हणाली.

त्या दहा दिवसांत तिचा हट्ट काही सुखाचा नव्हता. धान्याच्या कणगीपाशी गेली की ती आत हात घालून किती उरलंय ते बघे. तरी बिब्ब्याची आठवण आली की ती उठून गादीचे टाके घट्ट करी.

घट्टेपाहणीचा दिवस उजाडला. ऐंशी घरांच्या बायका रांगेत. मुकादमीण अंगठा चोळत आली. जाऊचा घट्टा दाबून "वा!" म्हणाली. सासूच्या घट्ट्याला तिनं नुसता हात लावला आणि नमस्कार केला. मग सुनेसमोर आली. अंगठा दाबला आणि मागे घेतला, चटका बसल्यासारखा.

"हे काय? लोणी?"

रांगेत खसखस पिकली.

"वर्षभर काय करत होतीस?"

"फरशी घासत होते, मुकादमीणबाई."

"मग घट्टा कुठाय?"

सुनेनं खांद्यावरची गादी काढून पुढे धरली. "या गादीनं पडू दिला नाही."

मुकादमिणीनं गादी दोन बोटांत धरली, मेलेला उंदीर धरावा तशी. "या चौकात आजवर कुणी गादी आणलेली नाही. तुला गादी हवी, नाजूकबाई, तर घरी बस!"

"घरी बसले तर फरशी कोण घासणार?"

"तोंड वर करून बोलतेस?"

"खाली बघूनच बोलतेय, बाई. तुम्हीही बघा. फरशी तुमची आहे, तुमची वस्तू तुम्ही तपासा. गुडघे माझे आहेत."

हसणं थांबलं. चौकात असं कुणी कधी बोललं नव्हतं. खरं म्हणजे सुनेनंही नव्हतं. पण शब्द बाहेर पडले होते आणि तिला ते परत घ्यायचे नव्हते. शेजारी उभी असलेली जाऊ पांढरीफटक पडली होती. जाऊच्या गुडघ्यांकडे एकदा बोट दाखवलं असतं, तर सगळी परीक्षाच खोटी ठरली असती. सुनेनं तिकडे मानही वळवली नाही.

मुकादमीण म्हणाली, "ठीक आहे. ही गादी आत्ताच्या आत्ता विहिरीत जाईल, आणि उद्यापासून तू उघड्या गुडघ्यांनी बसशील. नाहीतर तुमच्या घराच्या सगळ्या फरश्या आज जातील. बोल."

"बसणार नाही," सून म्हणाली.

मुकादमीण सासूकडे वळली. "तुम्ही घरच्या थोरल्या. सात वर्षांच्या मानकरी. तुमच्या हातानं टाका ही विहिरीत, आणि वाचवा घर."

सासूनं गादी घेतली. ती विहिरीच्या दिशेनं एकेक पाऊल टाकत निघाली. सुनेनं डोळे मिटले नाहीत; तिला शेवटपर्यंत बघायचं होतं.

सासू सुनेच्या फरश्यांपाशी आली आणि थांबली. तिनं गादी उघडली, फरशीवर पसरली, वाड्याच्या भिंतीचा आधार घेतला आणि हळूहळू गुडघे टेकले. गेली कित्येक वर्षं ती गुडघे टेकताना "आई गं" म्हणायची. सगळ्या चौकाला तो आवाज ओळखीचा होता. आज सगळे त्या आवाजाची वाट बघत राहिले. तो आलाच नाही.

सासू थोडा वेळ तशीच बसली. मग तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ते पुसायलाही ती थांबली नाही.

"मुकादमीणबाई," ती म्हणाली, "सात वर्षं तुम्ही माझ्या घट्ट्याला नमस्कार केलात. दुखतं का, म्हणून एकदाही विचारलं नाहीत. मीही कुणाला सांगितलं नाही, कारण मान जाईल. दुखतं, बाई. रोज दुखतं."

"नियम म्हणजे नियम. तुमच्या फरश्या गेल्या!"

"घ्या. पण काय घेताय ते तरी बघा."

आता मुकादमिणीला खाली बघणं भागच होतं. तिनं पाहिलं, आणि तिच्या मागोमाग सगळ्या रांगेनं पाहिलं. सुनेच्या नऊ फरश्यांत वरचं आभाळ दिसत होतं, उडत जाणाऱ्या घारीसकट. बाकीच्या फरश्यांवर जागोजागी जोडीनं काळपट डाग होते, गुडघ्यांएवढे. ज्या जागी बाई गुडघे टेकून खिळते, ती जागा घासायची राहून जाते. आणि दुखऱ्या गुडघ्यांची बाई सारखी जागा बदलत नाही. ऐंशी घरांच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या घासत होत्या, आणि ते डाग तिथेच होते. सगळ्यात मळकट फरश्या होत्या खांबामागच्या.

तेवढ्यात रांगेतली एक म्हातारी लुगडं खाली सोडून सुनेला म्हणाली, "गादीवाली, काथ्या कुठून आणलास गं?" मग दुसरीनं तेच विचारलं. मग एकदम दहाजणींनी. रांग मोडली. मोडलेल्या रांगेत घट्टे कुणाचे दाबणार?

"पुढच्या वर्षी बघू," मुकादमीण पुटपुटली आणि अंगठा पदरात गुंडाळून निघून गेली; फरश्या काढून घ्यायचं राहूनच गेलं.

पुढच्या चैत्रात कुणाला लुगडं वर घ्यावं लागलं नाही. मुकादमीण खाली मान घालून सगळा चौक फिरली आणि फरशीमागून फरशी तपासत गेली. ऐंशी घरांच्या बायका खांद्याला गाद्या लटकवून तिच्या मागे उभ्या होत्या. पाहणी झाल्यावर ती वाड्यात म्हणाली, "हे माझ्या मनात फार दिवसांपासून होतंच." कुणी तिचं म्हणणं खोडून काढलं नाही. फरश्या लख्ख होत्या, आणि सगळ्यांना कामं होती.

सासूचे गुडघे मात्र सुधारले नाहीत. गेलेलं ते गादीनं परत येत नाही, असं ती स्वतःच सगळ्यांना सांगे, आणि सांगताना लाजत नसे.

तात्पर्य: ज्याला काम बघायचं आहे त्यानं काम बघावं, करणाऱ्याच्या अंगावरच्या खुणा मोजू नयेत. आणि कुणी मोजायला आलंच, तर खोट्या खुणा उमटवून त्याचं माप खरं ठरवू नये.