गवंड्याच्या गालातलं गाव

एका गावात तुळाजी नावाचा गवंडी होता, आणि त्या तुळाजीच्या गालात, आतल्या बाजूला, आणखी एक गाव होतं.

तुळाजीला आपल्या ओळंब्याचा भारी गर्व. त्याची दोरी सोडून पाहताना एखादा थर सूतभर जरी कललेला दिसला, तरी तो वरची सगळी भिंत उतरवायला लावी. "खालची चूक वर मोठी होते," असं मजुरांना बजावी. आणि बजावता बजावता गालात तंबाखू-चुन्याची चिमूट दाबी. ती तिथं तासन् तास मुरायची.

गालातलं गाव पेशींचं. तिथली रीत कडक होती. एका पेशीच्या दोन व्हायच्या, तर आधी आपली पोथी अक्षरन् अक्षर उतरवायची. या पोथीलाच डॉक्टर डीएनए म्हणतात. उतरवताना चुका व्हायच्याच. निर्व्यसनी माणसाच्या अंगातही होतात. पण त्या दुरुस्त करणारे हात होते. पोथी दुरुस्तच झाली नाही, तर त्या पेशीनं आपणहून मरायचं. पुढे तंबाखूचं विष रोज झिरपू लागलं. चुका वाढल्या, हात अपुरे पडले.

एकदा एका पेशीच्या पोथीतली 'शेजार भरला की थांब' ही ओळच बिघडली. शेजारीण घाबरली. "अगं, आधी दुरुस्त करून घे!"

"एका ओळीनं काय होतंय?" ती पेशी म्हणाली आणि वाढत राहिली.

लेकींनी तीच चुकलेली पोथी उतरवली. वर्षं गेली. आणखी ओळी बिघडल्या. एका पणतीच्या पोथीतली 'बिघडलीस तर मर' ही ओळही गेली. आता तिच्या वंशात ना कुणी थांबे, ना कुणी मरे.

तुळाजीच्या गालात पांढरा चट्टा उठला. तिखट लागलं की आग व्हायची. त्याची बायको सगुणा रोज बॅटरी लावून बघायची.

"अहो, दवाखान्यात चला."

"एवढ्याशा चट्ट्यानं काय होतंय?"

तोंड पुरतं उघडेनासं झालं, तेव्हा सगुणा थेट त्याच्या कामावर गेली. तो एक भिंत उतरवायला लावत होता. तिनं त्याचा ओळंबा उचलला आणि त्याच्या गालापाशी धरला.

"सूतभर कलली म्हणून भिंत पाडताय. आन् ह्ये दोन बोटं वाढलंय, ते दिसत न्हाई व्हय?"

तुळाजीनं थापी खाली ठेवली.

दवाखान्यात चट्ट्याचा तुकडा काढला, तो तपासायला गेला. आठ दिवसांनी निकाल आला. कर्करोगच निघाला. गालाचा भाग कापावा लागला. "अजून थांबला असतात, तर रोग गळ्यात उतरला असता," डॉक्टर म्हणाले.

तुळाजी वाचला. दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो. बोलणं बोबडं झालंय. भिंत कलली की तो नुसतं "खालची चूक..." एवढंच म्हणतो. पुढचं मजूर त्याच्या गालाकडे बघून समजतात.

तात्पर्य: चूक कुणाच्याही अंगात होते, तिला खतपाणी घालू नये, आणि ती लहान असतानाच जो डोळे उघडून बघतो, त्याला सावरायला वेळ मिळतो.