अंगणात फिरलेलं चाक

फार जुन्या काळी एका गाडीचं चाक एका अंगणात घडलं आणि आस दुसऱ्या अंगणात. गाडी ओढायची होती पाखऱ्या बैलाला. तो म्हणाला, "ओझं लादण्याआधी सगळे मिळून एकदा मोकळ्या माळावर चालून बघू."

चाक फणकारलं, "खऱ्या आसाऐवजी गवताचा आस घालून मला अंगणभर फिरवलंय. पुरे झालं!"

"परीक्षा घ्यायचीच तर माझ्या अंगणात घ्या," आस गुरगुरला.

शेवटी तशीच मडकी लादली. पहिल्याच उतारावर चाक आसावरून निसटलं, गाडी कलंडली, मडकी फुटली आणि पाखऱ्याचा गुडघा सोलवटला.

खड्ड्यातून चाक ओरडलं, "माझ्या अंगणात असं कधीच झालं नव्हतं!"

"मग अंगणातच गोल गोल फिरत बस," पाखऱ्या लंगडत उठून म्हणाला. "गावाला जाणाऱ्या गाडीला चाक लागतं, तुझं कौतुक नाही."