लंडनच्या दर्दीची पेटी

आबासाहेब इंगवल्यांनी घरची जुनी बाजाची पेटी लिलावात काढली. गाणं शिकवणाऱ्या कुमुदबाईंचा तिच्यावर भारी जीव. पण त्यांनी हात वर केला, की पडद्यावर ऑनलाइन बोली चढलीच!

"लंडनचा कुणी दर्दी दिसतोय," आबासाहेब मिशीत हसले.

बाईंना मात्र उपरण्याआडचा मोबाइल दिसला. आबासाहेबांचा अंगठा हलला, की पडदा बोलत होता.

बाईंनी बोली टिपेला नेली. पडदा त्याच्याही वर गेला. मग बाई हाताची घडी घालून गप्प बसल्या.

"एक वार... दोन वार..."

"अहो बाई, चढवा की!" आबासाहेबांना घाम फुटला.

"...तीन वार! पेटी ऑनलाइन ग्राहकाची!"

बाई लिलाववाल्याला म्हणाल्या, "जहाजानं पाठवू नका हो. लंडन आबासाहेबांच्या उपरण्याखालीच आहे!"