माहेरचे काशाचे वाळे

एक होती राणी, आणि तिला माहेरच नव्हतं. हसू नकोस रे विन्या, माहेर नसणं म्हणजे काय ते तुझ्या आईला विचार. आणि पाय आवर आधी, कुमीच्या अंगावर टाकू नकोस. हं. तर राणीचं नाव होतं मोहना.

झालं असं होतं, की राजा एकदा शिकारीला गेला. वाट चुकला, तहान लागली. बघतो तर मोहाच्या झाडाखाली एक मुलगी फुलं वेचत बसलेली. राजानं विचारलं, "बाई गं, तुझे आईबाप कुठं आहेत?" ती म्हणाली, "ठाऊक नाही." "मग तुला वाढवलं कुणी?" "या रानानं." राजा भोळा. त्याला ते एकदम पटलं. मग काय, तिला घोड्यावर बसवलं, घरी आणलं आणि वाजतगाजत लग्न केलं.

वर्षभरानं राणीला मुलगी झाली. अशी गुटगुटीत, एका गालाला खळी. गावभर साखर वाटली. मग आलं बारसं, आणि तिथंच माशी शिंकली.

त्या राज्यात रीत अशी, की बाळाचे पहिले वाळे आजोळहून यायचे. वाळे म्हणजे पायात घालतात ते, छुमछुम वाजणारे, बरं का. वाळे घातले की पाळण्याच्या एका बाजूला सासरची बाई उभी राहायची, दुसऱ्या बाजूला माहेरची. पाळण्याखालून बाळ द्यायचं, वरून घ्यायचं. असं तीनदा झालं की मग कानात नाव सांगायचं. आणि हे सगळं बाळ पालथं पडायच्या आत व्हायला हवं. नाही झालं, तर ते पोर जन्मभर बिननावाचं! आता मला सांगा, मोहनाच्या बाजूनं उभं कोण राहणार?

राजाची आई होती, तिला सगळे आईसाहेब म्हणायचे. बाई मोठी कडक. वाईट नव्हती हं, कडक होती. ती म्हणाली, "आजोळचे वाळे आल्याशिवाय माझ्या नातीचं नाव ठेवायचं नाही. रीत म्हणजे रीत." राणी बिचारी पदरात तोंड घालून रडायची. आपल्यामुळे लेक बिननावाची राहणार, हे तिच्या जिवाला लागलं होतं.

मग राजानं दवंडी पिटवली. राणीच्या माहेरचं कुणी असेल, त्यानं वाळे घेऊन यावं. झालं! काल कुणी नव्हतं, आणि आज दारात ही रांग, गुळाला मुंगळे लागावेत तशी.

पहिला आला एक सावकार. म्हणाला, "मी राणीचा मामा." सोन्याचे वाळे आणले होते. बाळाच्या पायात घातले मात्र, बाळानं असा पाय झाडला की वाळा उडाला तो थेट खिरीच्या पातेल्यात! मग आली एक सरदारीण. "अगं मोहने, ओळखलं नाहीस? मी तुझी मावशी." तिचे वाळे मोत्यांचे. बाळानं पुन्हा पाय झाडला, वाळा उडाला आणि जाऊन अडकला राजाच्या मिशीत. हसा, हसा. राजालाही हसू येत होतं, पण आईसाहेब समोर होत्या.

मग दरबारी सोनार पुढे झाला. म्हणाला, "मी घडवतो. माहेरचे म्हणून पायात घाला, कोण विचारतंय?" त्यानं बाळाच्या पायाचं माप घेतलं आणि हिऱ्यांचे वाळे घडवायला बसला. एक पाकळी कोरली, मग दुसरी, मग देठ. दोन महिने बसला. घेऊन आला, तर वाळे पायात जाईनात! अगं, बाळ काय सोनाराची वाट बघत थांबतं? पाय वाढले होते की तिचे.

असं करता करता बाळ चार महिन्यांचं झालं. कुशीवर वळायला लागलं. आज पालथं पडतं का उद्या, अशी वेळ आली. दोन दासी पाळण्यापाशी बसून असायच्या. बाळ जरा वळलं, की हळूच उताणं करायच्या.

आता त्याच गावात एक ओतारीण राहायची. ओतारी म्हणजे पितळ नाहीतर कांसं वितळवून घुंगरं, जोडवी ओततात ते लोक. तिचं नाव गोजराबाई. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. हात कोळशानं काळे, जीभ तिखट. ती राजवाड्यात बैलांची घुंगरं द्यायला आली, तर मागच्या पायरीवर राणी रडत बसलेली. गोजराबाईनं टोपली खाली ठेवली. "राणीसरकार, काय झालं?"

"गोजराबाई, मला माहेर नाही हो."

"नाही कसं? आभाळातून पडलात काय? लहानाच्या मोठ्या कुठं झालात?"

"रानात. मोहाखाली."

"मग तेच माहेर. तिथून आणते वाळे." असं म्हणून टोपली उचलून गेलीसुद्धा.

रानात गेली. मोहाला हे एवढं पोळं लागलेलं. गोजराबाई म्हणाली, "बायांनो, मला थोडं मेण द्या. मोहनाच्या लेकीला वाळे करायचेत." आणि काय सांगू! सगळ्या माश्या एकदम बोलायला लागल्या, तुमच्या मावश्या जमल्या की बोलतात ना, तश्शा. "आमच्या मोहनाला लेक झाली? कुणावर गेलीय? दूध पिते का नीट? अगं, ती आमच्या पोळ्याखालीच झोपायची!" त्यांनी मूठभर मेण दिलं. वर बाळाला चाटवायला मध दिला, द्रोणभर.

मग ती वारुळापाशी गेली. मुंग्यांनी विचारलं, "माती कुणासाठी?" तिनं सांगितलं. मुंग्या म्हणाल्या, "मोहनानं आमच्यावर कधी पाय नाही ठेवला. घे, हवी तेवढी घे." माती कशी, तर चाळलेल्या पिठासारखी.

मेण झालं, माती झाली. आता धातू हवा. गोजराबाईनं नदीला विचारलं, नदी म्हणाली, माझ्याकडं वाळू. डोंगराला विचारलं, डोंगर म्हणाला, माझ्याकडं दगड. मग ती घरी आली. घरातलं सगळं कांसं बैलांच्या घुंगरांत संपलेलं. फळीवर राहिली होती एक वाटी. तिच्या आईची, काशाची. गोजरा लहान असताना ताप आला, की आई त्या वाटीनं तिचे तळपाय घासायची. आई गेली, तेवढी वाटी राहिली होती.

गोजराबाई वाटी मांडीवर घेऊन बसली. बराच वेळ बसली. मग म्हणाली, "आई, रागावू नकोस हं. एका लेकराच्या नावाचा प्रश्न आहे." आणि वाटी मुशीत टाकली, मूस निखाऱ्यांवर ठेवली. डोळे पुसले. "धूर लागला," म्हणाली. घरात ऐकायला कुणी नव्हतं, तरी म्हणाली.

इकडे तिनं मेणाचे वाळे केले. त्यांवर मेणाचीच मोहाची फुलं लावली, एकेक माशी बसवली, बारकी घुंगरं जोडली. वरून वारुळाची माती लिंपली, एक भोक ठेवलं. मग तो गोळा वाळवून भाजला. मेण वितळून भोकातून बाहेर आलं आणि आत वाळ्यांच्या आकाराची जागा राहिली. त्या जागेत ओतला काशाचा रस. निवल्यावर माती फोडली, तर आत वाळे! तेवढ्यात दासी पळत आली, "गोजराबाई, चला हो, बाळ आता काही ऐकत नाही!" गोजराबाई तशीच उठली, वाळे पदरात घेऊन धावत सुटली.

दरबारात सगळे जमलेले. सोनारानं वाळे उलटून पाहिले आणि फिस्सकन हसला. "हे काय बाई? अंगठ्याचा ठसा तसाच दिसतोय. मेणात उमटला, तो काशात उतरला. घासायचा राहिला की!"

गोजराबाई म्हणाली, "राहिलाच. घासत बसले असते, तर पोर पालथी पडली असती."

मग तिनं बाळाच्या पायात वाळे घातले. सगळे दोन पावलं मागं सरले. राजानं मिशीवर हात ठेवला. बाळानं पाय हलवला. छुम. बाळ ऐकत राहिलं. पुन्हा हलवला. छुमछुम. आणि खुदकन हसलं. मग दोन्ही हातांनी पाय ओढून घेतला, त्या ठशात आपला इवलासा अंगठा ठेवला, आणि सोडेचना.

आईसाहेबांनी विचारलं, "हे आणलं कुठून?"

"मेण माश्यांनी दिलं, माती मुंग्यांनी दिली. राणीसरकारांचं माहेर रान आहे, तिथनं आणलं."

"आणि कांसं?"

गोजराबाई म्हणाली, "ते माझ्या आईच्या वाटीचं."

"तू माझ्या सुनेची कोण?"

सगळ्यांना वाटलं, आता ही म्हणणार मावशी नाहीतर मामी. गोजराबाई म्हणाली, "कुणी नाही, आईसाहेब. खोटं कशाला बोलू?"

आईसाहेब उठल्या. त्या कडक बाईचे डोळे भरून आले होते, बरं का. म्हणाल्या, "आईची वाटी पोरीसाठी आटवलीस, आणि वर म्हणतेस कुणी नाही! अगं, असं फक्त आई करते. जा, सुनेच्या बाजूनं उभी राहा. बाळ घे."

"माझे हात काळे आहेत, आईसाहेब."

"असू देत. माझे हळदीनं पिवळे आहेत."

राणी धावत आली आणि गोजराबाईच्या गळ्यात पडली. "आई," एवढंच म्हणाली. मग बाळ पाळण्याखालून गेलं, वरून आलं, तीनदा. कानात नाव सांगितलं, वनमाला. नाव पडलं कानात, आणि वनमालाबाई टुणकन पालथ्या! काय हशा पिकला म्हणता.

त्या दिवसापासून राणीला माहेर झालं. दर वर्षी ती लेकीला घेऊन गोजराबाईच्या झोपडीत जायची, चांगले पंधरा दिवस. रोज गरम भाकरी, वर लोणी. आणि तिथं राणी काय करायची ठाऊक आहे? झोपायची. उन्हं अंगणात आली तरी झोपायची. कुणी उठवायला आलं, तर गोजराबाई दारातूनच दटावायची, "हळू बोला. माझी लेक माहेरी आलीय."

कुमी झोपली वाटतं. विन्या, तूही मीट डोळे. पांघरूण घातलंय मी.