येताना लागणारा वेळ

“आणि विमानानं किती?” सोमगिरी बाबांनी विचारलं.

“मुंबई ते टोरांटो, साडेबारा हजार किलोमीटर.” रेवणशेठनं भाव सांगावा तसं ठोकून सांगितलं. “थेट गेलं तर सोळा तास. मध्ये उतरून विमान बदललं तर बावीस. येताना मात्र कमी लागतात. वारा पाठीशी असतो ना!”

“कुणाला येताना?”

शेठ अडला...

मूठभर बेदाणा कानाशी हलवून त्यातला ओलावा सांगणारा हा तासगावचा व्यापारी. सहसा अडत नसे.

“पोरीला,” तो म्हणाला. “आमची शैलजा. स्वतःच्या मनानं लग्न केलं न् गेली नवऱ्याबरोबर. सात वर्षं झाली. दर रविवारी आईला फोन करते. मी पलीकडच्या खोलीत पेपर वाचत असतो.”

“वाचतोस?”

“...धरून बसतो, बाबा.”

बाबांनी दाराशीच्या धुनीत एक लाकूड सरकवलं.

“दुकानात दोन घड्याळं लावलीत,” शेठ सांगू लागला. “एक तिकडच्या वेळेचं. हमाल म्हणतात, ‘शेठ, एवढा बेदाणा विकता, तेवढं एक घड्याळ दुरुस्त करून घेववत नाही होय?’”

बाबा खदखदून हसले. शेठही हसला, आणि उपरण्यानं डोळे पुसले.

“मग जा की भेटायला.”

“बोलावलं कुठं तिनं? पासपोर्ट काढून ठेवलाय, शिक्का एक नाही त्यावर. आणि तिनं यावं की! घर तिचंच आहे. दाराला काय मी कुलूप घातलंय?”

“निघताना काय म्हणाली?”

“‘येते, अप्पा’ म्हणाली. आपल्यात म्हणतात तसं. बॅग घेऊन उंबऱ्यात उभी होती.”

“तू काय म्हणालास?”

“मी...” शेठनं धुनीकडे पाहिलं. “मी सुपारी कातरत होतो.”

अंगणातलं ऊन पायरीवरून खाली उतरलं. शेवटी शेठ उठला, पाया पडला, दारापाशी गेला.

“येतो, बाबा.”

बाबा चिमट्यानं राख सारखी करत राहिले.

ऐकू गेलं नसेल म्हणून तो जरा मोठ्यानं म्हणाला, “येतो मी!”

...

एक पाय चपलेत, एक पायरीवर. समोरच्याचं ‘ये’ कानावर पडल्याशिवाय शेठ आजवर कुणाच्या दारातून हलला नव्हता. पाऊल पुढं पडेना. मागंही घेववेना. बाबा तर इतके जवळ, की हात लांब केला असता तर गुडघ्याला लागला असता.

“बाबा, ‘ये’ म्हणा की!” त्याचा आवाज चिरकला. “असं कसं जाऊ मी? आणि गेलो तर पुन्हा कुठल्या तोंडानं येऊ?”

बाबांनी चिमटा खाली ठेवला.

“दोनच मिनिटं झालीत, शेठ.”