आपल्या टिबुकलीचं तळं

उंच उंच इमारतींच्या कुशीत एक इवलंसं तळं होतं. तळ्याकाठी पत्र्याच्या खोपटात शेवंती राहायची. आई हार गुंफायची, शेवंती ते दारोदार विकायची. फ्रॉकला ठिगळं, पाय अनवाणी, पावसात छप्पर गळायचं. पण पोर अशी गुणाची, की बघत राहावं.

तिची मैत्रीण होती टिबुकली. मुठीएवढं पाणपाखरू ते. तळ्याच्या मधोमध तिचं तरंगतं घरटं होतं आणि घरट्यात पांढरीशुभ्र अंडी.

पण लोक काय करायचे, ठाऊक आहे? देवाची शिळी फुलं पिशवीत भरायचे, घट्ट गाठ मारायचे, भक्तिभावाने हात जोडायचे आणि पिशवीसकट तळ्यात सोडायचे. आता माशांनी ती गाठ सोडवायची कशी? शेवंतीने विकलेले हारसुद्धा असेच परत यायचे. ती बिचारी काठीने पिशव्या ओढून ओढून दमायची.

एका सोनसकाळी टिबुकली पिशवीच्या बंदात अडकली. घरट्यातली अंडी गार पडायला लागली. मधे पाणी खोल, काठी पोचेना. शेवंतीला रडू कोसळलं.

तेवढ्यात एक गुलाबी कमळकळी उमलली. आतून बोटभर परी बाहेर आली. तिचे पंख निळे-जांभळे होते आणि केसांत दवाचे मणी होते.

"रडू नको गं सोनुले. माग एक इच्छा. पण जे मागायचं, ते ज्यांचं आहे त्या सगळ्यांनी मागायचं आणि हातही लावायचा, असा माझा नियम आहे."

"आमचं तळं स्वच्छ होऊ दे," शेवंती म्हणाली. काहीच झालं नाही.

परी हसली. "'आमचं' म्हणालीस ना? मग त्यात मी नाही, टिबुकली नाही, शहरही नाही. 'आपलं' म्हणणारी माणसं आण. लवकर हं, अंडी गारठतील."

शेवंती धावत सुटली. सोसायटीचे सामंतकाका म्हणाले, "तळं होय? ते पालिकेचं." महापौरबाई म्हणाल्या, "कचरा तुमचा, बाळ. तुम्हीच आवरा."

शेवंती वाद घालत बसली नाही. दोघांची बोटं धरून तिने त्यांना काठावर आणलं. "नुसतं बघा," ती म्हणाली.

टिबुकली फडफडत होती. घरट्याकडे बघत होती.

"अरेरे, आपली टिबुकली हो," काका कळवळले.

"आपल्याच तळ्यात," महापौरबाई हळूच म्हणाल्या.

"आपलं तळं स्वच्छ होऊ दे," तिघंही एकदमच म्हणाली.

झालं! पाण्यावर चंदेरी लाट उठली. काकांनी सोसायटीची होडी पाण्यात घातली आणि बंद सोडवला. टिबुकली सुळकन घरट्यात जाऊन बसली. महापौरबाईंनी पदर खोचला, सगळी सोसायटी पाण्यात उतरली, अख्खं शहर आलं. जिथे हात लागेल तिथे पाणी निळंशार होत गेलं. शिळ्या फुलांचं खत करायला काठावर हौद बांधला आणि तळ्याची राखण शेवंतीच्या आईकडे आली.

"वेडे, स्वतःसाठी काही मागितलंच नाहीस," परी म्हणाली.

"असं कसं? 'आपलं' म्हटलं ना. त्यात मी आहेच की."

परीचे डोळे भरून आले. तिने खोपटावर पंख फिरवला आणि तिथे लाल कौलांचं टुमदार घर उभं राहिलं. मग ती लखलखली आणि उजेडात विरघळून गेली.

शेवंतीने पाण्याकडे पाहिलं. टिबुकली ऐटीत पोहत होती आणि तिच्या पाठीवर चिमुकली पिल्लं बसली होती.