शिंजीचा कापूस आणि तापलेला लॅपटॉप

एक होती शिंजी.
अंगठ्याएवढी. पोट पिवळं, चोच वाकडी.

कढीपत्त्याच्या झाडाला तिचं घरटं टांगलेलं. लांबुळकं, झुलणारं. एवढ्याशा धाग्यावर.
बाहेरून झालं होतं. आतून व्हायचं होतं. आत नुसत्या काड्या. टोचणाऱ्या.
आणि आज संध्याकाळी अंडं येणार होतं. शिंजीचं पहिलं अंडं.

शिंजी उडाली. फुर्र फुर्र.
सावरीच्या झाडावर एकच बोंड उरलं होतं. त्यातला कापूस तिने चोचीत धरला. मऊ मऊ. ढगाचा तुकडाच जणू.

येताना ती दमली. ऊन फार होतं. एका खिडकीत ती टेकली. तिला जांभई आली.
चोच उघडली, आणि कापूस सुटला.

तरंगत तरंगत तो खोलीत गेला.
खोलीत होती गादी. गादीवर होता लॅपटॉप. त्याच्या पोटातला पंखा वारा ओढत होता. घों घों. घों घों.
कापूस सर्रकन लॅपटॉपखाली गेला. दिसेनासा झाला.

शिंजी लॅपटॉपजवळ गेली. फुर्र फुर्र.
"लॅपटॉपदादा, लॅपटॉपदादा, माझा कापूस दे."

लॅपटॉप म्हणाला, "देईन गं. पण मी गादीत रुतलोय. पोट माझं तापलंय. पॅड फिरला, तर मी निवेन. मग दे म्हणालीस की देईन."

पॅड म्हणजे कूलिंग पॅड. त्याला दोन गोल पंखे. लॅपटॉप त्याच्यावर बसतो आणि खालून गार वारा खातो. पण आज पॅड होता वरच्या फळीवर. गप्प.

शिंजी पॅडकडे गेली. फुर्र फुर्र.
"पॅडभाऊ, पॅडभाऊ, फिर ना.
लॅपटॉप निवेना,
कापूस मिळेना,
मी अंडं ठेवू कुठे?"

पॅड म्हणाला, "फिरेन गं. पण माझी वायर कुठेतरी अडकलीय. वायर सुटली, तर मी फिरेन."

शिंजीने वायर शोधली. पलंगाखाली नव्हती. पडद्यामागे नव्हती. टेबलाखाली एक काळं शेपूट दिसलं. ते शेपूट नव्हतंच. ती वायर होती.

शिंजी वायरकडे गेली. फुर्र फुर्र.
"वायरताई, वायरताई, सूट ना.
पॅड फिरेना,
लॅपटॉप निवेना,
कापूस मिळेना,
मी अंडं ठेवू कुठे?"

वायर हळूच बोलली. "सुटेन गं. पण माझ्यावर कोण झोपलंय बघ. मांजर हललं, तर मी सुटेन."

शिंजीने पाहिलं. केवढं मोठं मांजर. घुर्र घुर्र. घुर्र घुर्र.
शिंजी मागे सरकली. खिडकी उघडी होती. पळून जाता आलं असतं.
पण अंडं? टोचणाऱ्या काड्यांवर?

शिंजी पडद्याच्या दांडीवर बसली. उंच उंच. तिथून म्हणाली,
"मांजरमावशी, मांजरमावशी, हल ना.
वायर सुटेना,
पॅड फिरेना,
लॅपटॉप निवेना,
कापूस मिळेना,
मी अंडं ठेवू कुठे?"

मांजराने एक डोळा उघडला. पुन्हा मिटला. आळसावून म्हणालं, हलायचं तर दूध हवं. दूध आई देते. आई उठली, तर मी हलेन.

आई झोळीपाशी बसली होती. झोळीत बाळ होतं. झोळी हलत होती. कुर्र कुर्र. कुर्र कुर्र.
आई साड्यांच्या काठांवरची नक्षी काढायची. लॅपटॉपवर. आज ती मोर काढत होती. पण लॅपटॉप तापला, बाळ जागं झालं, आणि मोर राहिला अर्धा. आईचा हात दुखत होता. डोळे मिटत होते.

शिंजी आईकडे गेली. फुर्र फुर्र.
"आई, आई, ऊठ ना.
मांजर हलेना,
वायर सुटेना,
पॅड फिरेना,
लॅपटॉप निवेना,
कापूस मिळेना,
मी अंडं ठेवू कुठे?"

आईला वाटलं, डुलकीत कुणी बोलतंय. ती पुटपुटली, "कशी उठू? झोळी थांबली की हे रडतं. बाळ झोपलं, तर मी उठेन."

शिंजी झोळीच्या कडेवर बसली.
"बाळा, बाळा, झोप ना.
आई उठेना,
मांजर हलेना,
वायर सुटेना,
पॅड फिरेना,
लॅपटॉप निवेना,
कापूस मिळेना,
मी अंडं ठेवू कुठे?"

बाळाचं नाव निमा. तिला अजून बोलता येत नव्हतं. ती म्हणाली, ऊं ऊं.
शिंजीला बरोब्बर कळलं. निमाला उकडत होतं. कपाळावर घामाचे थेंब होते. वारा आला, तर ती झोपणार होती.

वारा कुठे होता?
गच्चीवर. पाण्याच्या टाकीमागे. एकटाच पडला होता. त्याचंही अंग तापलं होतं.

शिंजी वाऱ्याकडे गेली. फुर्र फुर्र.
"वारामामा, वारामामा, ये ना.
बाळ झोपेना,
आई उठेना,
मांजर हलेना,
वायर सुटेना,
पॅड फिरेना,
लॅपटॉप निवेना,
कापूस मिळेना,
मी अंडं ठेवू कुठे?"

वारा म्हणाला, त्याला कुणी बोलावतच नाही. उन्हाळ्यात सगळे म्हणतात, झळ आली, दार लावा. सावली म्हणून कुठे मिळत नाही.
मग तो हळूच म्हणाला, "तुझ्या घरट्यात सावली आहे. मला थोडं बसू देशील?"

घरटं एवढंसं. धागा एवढासा. वारा केवढा. एक हिसका बसला, की घरटं खाली.
शिंजीने कढीपत्त्याकडे पाहिलं. मग वाऱ्याकडे पाहिलं. किती दमला होता बिचारा.
ती म्हणाली, "बस मामा. पण हळू हं."

वारा आला. अगदी हळू. पाय न वाजवता. अंग चोरून घरट्यात शिरला.
घरटं हललं. इकडे. तिकडे. इकडे. तिकडे.
शिंजीने डोळे मिटले.
धागा तुटला नाही.

वारा सावलीत बसला. पानांचा वास घेत बसला. तो शांत झाला. तो गार झाला. मग उठला, आणि निघाला खिडकीकडे. झुळझुळ झुळझुळ.

वारा आला.
पडदा फुगला. निमाच्या कपाळावरचा घाम गेला. निमाने मूठ सोडली. एक पापणी मिटली. दुसरी पापणी मिटली.
बाळ झोपलं.

बाळ झोपलं, आई उठली.
तिने वाटीत दूध ओतलं. डुबुक डुबुक.

आई उठली, मांजर हललं.
चारही पाय ताणले. दुधाकडे गेलं. लपलप लपलप.

मांजर हललं, वायर सुटली.
आईने ती उचलली. उबदार होती. "अगं बाई, इथे होय," आई म्हणाली. "मी घरभर शोधली."

वायर सुटली, पॅड फिरला.
आईने त्याला फळीवरून काढलं. गादीवर आडवं ठेवलं. वायर लावली. दोन्ही पंखे फिरले. भिरभिर भिरभिर.

आईने लॅपटॉप उचलला, आणि पॅडवर बसवला.
पंखे खालून वारा घालू लागले. लॅपटॉपने लांब श्वास सोडला. हुश्श.
पॅड फिरला, लॅपटॉप निवला.

आणि गादीवर काय होतं?
पांढरं. मऊ मऊ.
पंख्यांचा वारा लागला, तसा कापूस उठला. हळूच वर आला. आईच्या नाकासमोरून तरंगत गेला.

आईने खिडकीकडे पाहिलं. तिथे अंगठ्याएवढा पक्षी होता. पोट पिवळं, चोच वाकडी.
आई हललीच नाही. श्वाससुद्धा रोखून उभी राहिली. कापूस खिडकीशी गेला. शिंजीने चोच उघडली, आणि घट्ट मिटली.
लॅपटॉप निवला, कापूस मिळाला.

शिंजी उडाली. फुर्र फुर्र.
या वेळी वाटेत कुठेच टेकली नाही.
घरट्यात शिरली. काड्यांवर कापूस पसरला. इथे थोडा. तिथे थोडा. मग छातीने दाबून दाबून गोल केला.

ऊन उतरलं. आकाश केशरी झालं. घरटं हळूहळू झुललं.
शिंजीने अंडं घातलं. शेंगदाण्याएवढं. ते कापसात बसलं. त्याला काहीच टोचलं नाही.
शिंजीने त्याच्यावर पंख पसरले, आणि त्याला आपली ऊब दिली.

गोष्ट बसली फांदीवर,
झोप बसली डोळ्यांवर.